एक डॉलर आणि साडेपाच कोटी डॉलर

सिंगापूरमध्ये २०१८ साली दोन फोर्कलिफ्टचालकांवर खटले भरले गेले. कंटेनरच्या यार्डात आपला ट्रक ताटकळू नये, काम लवकर उरकावं, म्हणून ट्रकवाले त्यांच्या हातावर काहीतरी टेकवत. काहीतरी म्हणजे किती? एका वेळेला एक सिंगापुरी डॉलरसुद्धा. तेव्हाचे पन्नासेक रुपये. एवढ्या रकमेसाठी आपल्या आरटीओच्या फाटकावरचा एजंट मान वर करूनही बघणार नाही. तिथे मात्र देशाच्या भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेने रीतसर तपास केला, दोघांना न्यायालयात उभं केलं आणि लाच कितीही लहान असली तरी चालवून घेणार नाही, असं जगाला बजावलं.

त्याच्या आदल्याच डिसेंबरात सिंगापूरच्या एका बड्या कंपनीने लाच दिल्याचं मान्य केलं होतं. केपेल ऑफशोअर अँड मरीन. समुद्रातून तेल काढायचे अवाढव्य रिग बांधणारी कंपनी. ब्राझीलच्या पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीची आणि तिच्याशी संबंधित अशी १३ कामं मिळावीत म्हणून २००१ ते २०१४ या काळात तिने तिथले अधिकारी आणि सत्ताधारी पक्ष यांच्यापर्यंत पोचवलेली रक्कम होती सुमारे साडेपाच कोटी अमेरिकी डॉलर. अमेरिका, ब्राझील आणि सिंगापूर या तिन्ही देशांत मिळून कंपनीने ४२ कोटी २० लाख डॉलर दंड भरायचं कबूल केलं. आणि ज्यांनी हा कारभार केला त्या माणसांचं काय झालं? पाच वर्षं तपास चालला आणि जानेवारी २०२३ मध्ये कंपनीच्या सहा माजी वरिष्ठांना कडक समज देण्यात आली. खटला नाही, तुरुंग नाही, नावंसुद्धा जाहीर नाहीत. समज! शाळेत मागच्या बाकावरच्या पोराला देतात ती.

या दोन बातम्या मी शेजारी शेजारी ठेवतो तेव्हा सिंगापूरच्या माझ्या मित्रांना राग येतो. पुण्यातल्या मित्रांना त्याहून जास्त येतो. कारण सिंगापूरच्या आरत्या सिंगापूरकरांपेक्षा आपणच जास्त तारस्वरात म्हणतो. हा लेख त्या आरतीवाल्यांसाठी आहे. सिंगापूरच्या मंत्र्यांसाठी नाही. ते वाचणार नाहीत, आणि वाचला तर वकिलाची नोटीस पाठवतील.

आरतीवाले आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. चार रात्री पाच दिवसांचं पॅकेज, सेंटोसा, मुस्तफामधली खरेदी आणि परतल्यावर सोसायटीच्या सभेत प्रवचन. प्रवचनाचे मुद्दे ठरलेले. एक, तिथे मंत्र्यांना भरपूर पगार असतो म्हणून ते खात नाहीत. दोन, तिथे फटके मारतात. तीन, आपल्याला त्यांच्या पहिल्या पंतप्रधानांसारखा एक ली कुआन यू हवा. प्रवचन देणाऱ्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाढवलेली खोली नियमित करून घेण्यासाठी वॉर्ड ऑफिसात काय मोजलं, हा विषय त्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेवर नसतो.

फटक्यांचा मुद्दा दोन वाक्यांत निकालात निघतो. सिंगापूरमध्ये वेताचे फटके आहेत, पण लाचखोरीला नाहीत. तिथे दंड आणि कैद आहे, जास्तीत जास्त एक लाख डॉलर आणि पाच वर्षं, सरकारी कंत्राटाचा मामला असेल तर सात. म्हणजे ज्या गोष्टीमुळे तो देश स्वच्छ झाला असं आपण छातीठोक सांगतो, ती त्या कायद्यात नाहीच.

पगाराचं सूत्र जरा चिवट आहे, कारण ते खुद्द सिंगापूर सरकारचंच आहे. १९९४ साली तिथे श्वेतपत्रिका काढून मंत्र्यांचे पगार देशातल्या सर्वाधिक कमावणाऱ्यांच्या मिळकतीशी बांधण्यात आले. २०१२ मध्ये कात्री लागली, तरी नव्या मंत्र्याला वर्षाला ११ लाख डॉलर आणि पंतप्रधानांना २२ लाख अशी रचना राहिली. मंत्र्याचे आपल्या पैशांत सात कोटींच्या आसपास झाले. इतके पैसे मिळाल्यावर माणूस हात कशाला पसरेल?

पसरतो. एस. ईश्वरन हे तिथले तेव्हाचे वाहतूकमंत्री. ११ जुलै २०२३ ला त्यांना अटक झाली. नंतर ठेवलेल्या आरोपांची संख्या ३५ पर्यंत गेली. काय घेतलं होतं? फॉर्म्युला वन शर्यतीची तिकिटं, लंडनच्या नाटकांची आणि फुटबॉल सामन्यांची तिकिटं, दोहाला जायला खासगी विमान, व्हिस्की, वाइन आणि एक ब्रॉम्प्टन सायकल. सात कोटी पगाराच्या माणसाला घडी घालायची सायकल स्वतःच्या पैशांनी घेववत नव्हती! न्यायालयासमोर हिशेब लागला तो सुमारे चार लाख डॉलरचा, म्हणजे नव्या मंत्र्याच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा. ज्याला पगार पुरत नाही त्याला पगारवाढ देऊन थांबवता येईल एक वेळ. पण बड्या लोकांच्या पंक्तीला आपणही बसलोय, या सुखाला कोणता वेतन आयोग पुरा पडणार आहे? आपल्याकडेही सातव्या वेतन आयोगाने कुठल्या कार्यालयातलं टेबल रिकामं झालं, ते मला कुणीतरी दाखवावं.

आता तिसरं सूत्र. एक ली कुआन यू हवा. याच्याकडे वळण्यापूर्वी तिथली भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा कशी उभी राहिली ते सांगायला हवं, कारण तिचा जन्म ली सत्तेवर यायच्या सात वर्षं आधीचा आहे आणि तो कुणाच्या सद्गुणांतून झालेला नाही. १९५१ च्या ऑक्टोबरात पुंगोलच्या किनाऱ्यावर १८०० पौंड अफू लुटली गेली. किंमत चार लाख डॉलर. लुटारूंमध्ये पोलिसांचे डिटेक्टिव्ह होते. आणि भ्रष्टाचार शोधायचं काम होतं पोलिसांच्याच गुन्हे अन्वेषण खात्यातल्या एका लहानशा शाखेकडे. चोराने चोराचा पंचनामा करायचा. वसाहतीचं ब्रिटिश सरकार काही साधूसंतांचं नव्हतं, पण एवढं त्यालाही कळलं, की हे असं चालायचं नाही. १९५२ मध्ये पोलिसांपासून वेगळी अशी संस्था निघाली: करप्ट प्रॅक्टिसेस इन्व्हेस्टिगेशन ब्युरो, सीपीआयबी. महाराष्ट्राचा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आजही पोलीस अधिकाऱ्यांच्याच हाती आणि गृहखात्याच्याच छत्राखाली आहे. सिंगापूर व्हायची स्वप्नं आपण जरूर बघावीत. तूर्त या बाबतीत आपण तिथल्या १९५१ सालात आहोत.

पुढे १९६० चा कायदा आला, आणि मला विचाराल तर सिंगापूरची सगळी करामत या कायद्याच्या बारीक अक्षरांत आहे. सरकारशी काम असलेल्या माणसाकडून सरकारी नोकराने काही घेतलं, तर ते लाच म्हणूनच घेतलं असं गृहीत धरलं जातं. तसं नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं. घेणाऱ्याच्या हातात ते काम करून द्यायचा अधिकार नव्हता, किंवा पैसे घेऊन त्याने काम केलंच नाही, तरी सुटका नाही. मिळकतीच्या मानाने मालमत्ता जास्त दिसली आणि खुलासा देता आला नाही, तर तोही पुरावा. जितकी लाच घेतली तितकी रक्कम वेगळी भरायची, दंडाच्या वर. नागरिकाने परदेशात जाऊन लाच दिली-घेतली तरी कायदा तिथपर्यंत पोचतो. हे कलम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि माझं सगळ्यांत आवडतं कलम असं, की आमच्या धंद्यात ही पद्धतच आहे, रूढीच आहे, असा पुरावा न्यायालयाने ऐकूनच घ्यायचा नाही. आपल्याकडे हे कलम आणलं तर बांधकाम धंद्यातल्या किती वकिलांची पोटं उपाशी राहतील!

शिवाय हा कायदा खासगी नोकरीलाही लागू आहे. ते फोर्कलिफ्टवाले सरकारी नव्हतेच. ब्युरोकडे तपासाला येणारी बहुतेक प्रकरणं आता खासगी क्षेत्रातली असतात. आपला १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लोकसेवकाभोवती फिरतो. खासगी कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याने पुरवठादाराकडून पाकीट घेतलं तर त्या कायद्याला त्याचं सोयरसुतक नाही. त्याच्या कंपनीने फार तर त्याला काढून टाकावं, आणि शेजारच्या कंपनीने ‘अनुभवी’ म्हणून ठेवून घ्यावं.

सरकारी नोकरांवरचा पहारा तर विनोदी वाटावा इतका बारीक. दरवर्षी लिहून द्यायचं की मी कर्जबाजारी नाही, कारण कर्जात बुडालेला माणूस विकत घ्यायला स्वस्त पडतो. भेटवस्तू मिळाली तर कळवायची. महाग असेल आणि मोहच आवरत नसेल तर सरकारला किंमत मोजून ती विकत घ्यायची. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आपल्या सरकारी वसाहतींच्या जिन्यांवरून चढणाऱ्या सुक्या मेव्याच्या डब्यांना, चांदीच्या नाण्यांना आणि त्यांच्या तळाशी ठेवलेल्या पाकिटांना हा नियम लावला, तर लेखा विभागाला वेगळी इमारत बांधावी लागेल, आणि तिच्या कंत्राटातही टक्केवारी ठरेल.

तर ली. १९८६ मध्ये त्यांच्या मंत्रिमंडळातले राष्ट्रीय विकासमंत्री तेह चियांग वान यांच्यावर आरोप आला की जमिनीच्या व्यवहारांत त्यांनी दोन वेळा लाखो डॉलर घेतले. तेह जुने सहकारी होते. सिंगापूरच्या सरकारी घरबांधणीत हयात घालवलेला माणूस. ब्युरोने तपास सुरू केला. तेह यांनी पंतप्रधानांची भेट मागितली. ली यांनी कळवलं, तपास पूर्ण होईपर्यंत भेट नाही. १४ डिसेंबर १९८६ ला तेह यांनी जीवन संपवलं. पंतप्रधानांच्या नावे त्यांनी ठेवलेल्या चिठ्ठीत आपल्या चुकीची सर्वांत मोठी किंमत आपणच मोजायला हवी, अशा आशयाचा मजकूर होता. या मृत्यूबद्दल मी टाळ्या वाजवणार नाही, आणि जे वाजवतात त्यांच्या शेजारी बसणारही नाही. पण भेट नाकारण्याची ती गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते. आपल्याकडे चौकशीत सापडलेला मंत्री वरिष्ठांना भेटून येतो, बाहेर पडताना हसतो, आणि त्या हसण्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी तपास अधिकाऱ्याच्या बदलीच्या आदेशात वाचायला मिळतो. तिथे सरकारने पुढे आणखी एक भोक बुजवलं. आरोपी मेला तरी भ्रष्टाचारातून आलेली मालमत्ता सुटू नये, यासाठी १९८९ मध्ये जप्तीचा वेगळा कायदा केला.

इथपर्यंत आरतीवाले खूश असतील. त्यांनी आता नीट ऐकावं. ली यांनी पंतप्रधानपद सोडलं नोव्हेंबर १९९० मध्ये. जानेवारी १९९१ मध्ये सिंगापूरच्या संसदेने राज्यघटना दुरुस्त केली, आणि तिच्यात २२-जी असा एक अनुच्छेद आला. ब्युरो पंतप्रधान कार्यालयाखाली आहे; म्हणजे उद्या चौकशी खुद्द पंतप्रधानांच्या माणसाची निघाली आणि पंतप्रधानांनी परवानगी नाकारली तर? तर ब्युरोच्या संचालकाने थेट राष्ट्राध्यक्षांकडे जावं, आणि त्यांनी हो म्हटलं की तपास सुरू. म्हणजे ज्यांच्याकडे खरोखरचे ली कुआन यू होते, त्यांनीसुद्धा त्यांच्यावर विसंबून राहायचं नाकारलं. यापुढचा पंतप्रधान कसा निघेल सांगता येत नाही, म्हणून दुसरा दरवाजा बांधून ठेवला. आणि आपण मात्र अजून अवताराची वाट बघतोय, तोही दर पाच वर्षांनी नवा.

हा दुसरा दरवाजा भक्कम किती, हा प्रश्न वेगळा. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना एकच कुटुंब राहत असेल तर कडी कुठून लावली याने काय फरक पडतो? स्वातंत्र्यापासून तिथे एकच पक्ष सत्तेत आहे. २०२३ मध्ये रिडआउट रोडचं प्रकरण निघालं. वसाहतकालीन, हिरव्यागार परिसरातले मोठाले सरकारी बंगले कायदामंत्री के. षण्मुगम आणि परराष्ट्रमंत्री विवियन बालकृष्णन यांनी भाड्याने घेतले होते, आणि हे बंगले ज्या भूमी प्राधिकरणाच्या ताब्यात आहेत ते तेव्हा षण्मुगम यांच्याच खात्याखाली येत होतं. विरोधकांनी आवाज उठवला. ब्युरोने तपास केला. मंत्र्यांना कसलीही सवलत मिळालेली नाही असा निष्कर्ष निघाला. त्याखेरीज एक आढावा घेतला गेला. तो घेतला ज्येष्ठ मंत्री तेओ ची हिआन यांनी, म्हणजे त्याच मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्याने. अहवाल मात्र लोकांसमोर ठेवले, संसदेत दिवसभर चर्चा झाली, भाडं किती, झाडं कुणी तोडली, इथपर्यंत उत्तरं द्यावी लागली. एवढं मी मान्य करतो, आणि आपल्या विधिमंडळाच्या अधिवेशनात कुठल्या मंत्र्याच्या बंगल्यावर असा दिवस गेल्याचं मला आठवत नाही.

पण त्याच प्रकरणाचं शेपूटही सांगायला हवं. ली कुआन यू यांचे धाकटे चिरंजीव ली शिएन यांग यांनी फेसबुकवर या बंगल्यांबद्दल लिहिलं. दोन्ही मंत्र्यांनी बदनामीचा दावा लावला आणि जिंकला; २०२४ मध्ये न्यायालयाने प्रत्येकी दोन लाख डॉलर द्यायचा आदेश दिला. त्यांचं म्हणणं बदनामीकारक होतं असं न्यायालयाने ठरवलं, त्यावर मी काय बोलणार! मला एवढंच दिसतं, की राष्ट्रपित्याच्या मुलाला वाक्य चार लाखांना पडत असेल, तर यार्डातल्या कारकुनाने साहेबाबद्दल तोंड उघडताना काय हिशेब करावा? पत्रकारितेच्या स्वातंत्र्याच्या जागतिक यादीत सिंगापूर शंभराच्याही खाली आहे. (भारत त्याहून खाली आहे, तेव्हा उगाच हसू नका.) जिथे बाहेरून कुणी कडी वाजवायची नाही, तिथे आतल्या माणसांनी स्वतःहून दार उघडेपर्यंत थांबावं लागतं. कधी उघडतात. २०१३ मध्ये ब्युरोच्याच एका सहायक संचालकावर आरोप ठेवले गेले. त्याने ब्युरोचे १७ लाख डॉलरहून अधिक पैसे लांबवले होते, आणि त्यातले बरेचसे जुगारात घातले. चार वर्षं हे चालू होतं. भ्रष्टाचार पकडणाऱ्या कचेरीत. त्याला दहा वर्षांची कैद झाली, पण चार वर्षं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, याचा उल्लेख आरतीत येत नाही.

ईश्वरन यांचा खटलाही अखेरपर्यंत वाचला पाहिजे, कारण त्यात आपलंही काहीतरी आहे. सुरुवातीला त्यांच्यावर भ्रष्टाचार कायद्याखाली दोन मोठे आरोप होते. सप्टेंबर २०२४ मध्ये, खटला उभा राहायच्या दिवशीच, सरकारी पक्षाने ते सौम्य करून दंडसंहितेच्या कलम १६५ खाली आणले. हे कलम काय म्हणतं? ज्याच्याशी तुमच्या सरकारी कामाचा संबंध आहे, त्याच्याकडून मोबदला न देता मौल्यवान वस्तू घेऊ नका. बदल्यात काही केलं की नाही, हे सिद्ध करायची गरज नाही. हे कलम मेकॉलेच्या भारतीय दंडसंहितेतलं. आपली १८६० ची संहिताच ब्रिटिशांनी १८७२ पासून सिंगापूरच्या वसाहतीला लागू केली होती. म्हणजे मलबार हिलवरच्या आणि सिंगापूरच्या मंत्र्याला एकाच कलमाने बांधलं होतं. १९८८ च्या कायद्याने आपण ते संहितेतून उचलून नव्या कायद्यात कलम ११ म्हणून नेऊन ठेवलं. दीडशे वर्षांत सिंगापूरने ते पहिल्यांदा वापरलं ते एका मंत्र्यावर. सरकारी वकिलांनी सहा-सात महिने कैद मागितली होती. न्यायाधीश व्हिन्सेंट हूंग यांनी बारा महिने दिली. सरकारपेक्षा न्यायालय कडक निघालं, हे ठीक. पण भ्रष्टाचाराचा शब्द निकालपत्रातून कसा सफाईने बाजूला सरला, तेही बघा.

ज्यांच्याकडून या वस्तू आल्या त्यातले प्रमुख उद्योगपती ओंग बेंग सेंग. फॉर्म्युला वन शर्यत सिंगापूरला आणणारे. १९९६ मध्ये ली कुआन यू आणि त्यांचे पुत्र ली शिएन लूंग यांना महागड्या सदनिका घेताना सवलत मिळाल्यावरून गदारोळ झाला होता; त्या सदनिका ज्या कंपनीच्या होत्या तिचे प्रमुखही हेच ओंग. चौकशी झाली, गैर काही आढळलं नाही, पितापुत्रांनी सवलतीची रक्कम धर्मादाय दिली. लहान देशात पैसेवाले आणि सत्तावाले पुन्हा पुन्हा एकाच टेबलावर दिसतात, त्यात नवल नाही. नवल एवढंच, की २०२५ मध्ये ओंग यांनी न्यायात अडथळा आणायला मदत केल्याचा गुन्हा कबूल केला आणि त्यांना ३० हजार डॉलर दंड झाला. ते गंभीर आजारी आहेत म्हणून न्यायालयाने दया दाखवली. आजारी माणसाला तुरुंगात टाका असं मी म्हणणार नाही. दया चांगलीच गोष्ट आहे. ती यार्डापर्यंत पोचते का, एवढंच विचारतो.

आता केपेल. कंपनी कबूल झाली होती. कंपनीच्या विधि विभागातल्या एका माजी अधिकाऱ्याने अमेरिकेच्या न्यायालयात स्वतःचा गुन्हा कबूल केला होता. परदेशात दिलेल्या लाचेपर्यंत पोचणारं कलम कायद्यात होतंच. ते लक्षात ठेवा म्हटलं होतं. तरी ब्युरोने सांगितलं, की कागदपत्रं आणि साक्षीदार परदेशात, पुरावा अपुरा, म्हणून समज. फेब्रुवारी २०२३ मध्ये संसदेत प्रश्न आले तेव्हा मंत्री इंद्राणी राजा यांनी हेच सविस्तर सांगितलं, आणि ज्यांच्यावर खटला नाही त्यांची नावं द्यायची नाहीत हेही. पुराव्याची अडचण खरी असेलही. पण केपेलच्या मूळ कंपनीत टेमासेकचा साधारण पाचवा हिस्सा होता आणि टेमासेक ही अर्थमंत्रालयाच्या मालकीची गुंतवणूक कंपनी आहे, हे कळल्यावर सामान्य माणसाने काय समजावं, हे त्यांनी सांगायला हवं होतं. घरात कडक सोवळं आणि गावाबाहेरच्या ढाब्यावर सगळं चालतं, असली माणसं आपल्या आळीत काही कमी नाहीत. देशही तसे असतात इतकंच.

आणि हे सोवळं मोजणारी फूटपट्टीसुद्धा घरातच मोजते. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या निर्देशांकात डेन्मार्क ९०, फिनलंड ८८, सिंगापूर ८४ गुणांवर तिसरं. भारत ३८ गुण, क्रमांक ९६. हा निर्देशांक देशातल्या सरकारी क्षेत्रात किती भ्रष्टाचार आहे असं तज्ज्ञांना आणि उद्योगवाल्यांना वाटतं, ते सांगतो. त्या देशाच्या कंपन्यांनी बाहेर जाऊन काय केलं, ते त्यात येत नाही. ब्राझीलच्या गुणांमधून वजा होतं, सिंगापूरच्या गुणांमधून नाही. सिंगापूर एकटं नाही. स्वीडनची तेलिया ही दूरसंचार कंपनी, जिच्यात स्वीडिश सरकारचा मोठा हिस्सा, तिने उझबेकिस्तानात सत्तेजवळच्यांना पैसे चारल्याबद्दल २०१७ मध्ये ९६ कोटी डॉलरच्या घरात रक्कम भरायचं कबूल केलं. तिचे माजी अधिकारी स्टॉकहोमच्या न्यायालयात २०१९ मध्ये निर्दोष सुटले. कंपनीने लाच दिली. माणसाने मात्र एकानेही दिली नाही. अशा चमत्कारावर एखादं कीर्तन व्हायला हवं.

तरीही मला सिंगापूरची यंत्रणा आपल्यापेक्षा शतपटीने बरी वाटते, आणि हे मी दात-ओठ खात लिहितो. कारण तिची धार कुठे बोथट होते हे निदान दिसतं: जिथे सरकारचा स्वतःचा पैसा गुंतला आहे आणि जिथे बाहेरून जाब विचारणारा नाही, तिथे. आपली धार कायद्यानेच ठरवून बोथट केलेली आहे. २०१८ मध्ये आपण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात १७-अ घातलं. अधिकाऱ्याने किंवा मंत्र्याने कामात घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी सरकारची मंजुरी. खटल्यासाठी कलम १९ खाली पुन्हा वेगळी मंजुरी. अपवाद एकच: जो जागेवर, पैसे घेताना पकडला जाईल, त्याला १७-अ नाही. आता सांगा, जागेवर कोण सापडतो? सातबाऱ्यावर नोंद करायला तीन हजार मागणारा तलाठी, फौजदारी टाळायला पाच हजार मागणारा हवालदार. पावडर लावलेल्या नोटा, दोन पंच, आणि दुसऱ्या दिवशी ‘रंगेहाथ’ असा मथळा. भूखंडाचं आरक्षण उठवणारा निर्णय कुणी हातात नोटा घेऊन करत नाही. तो टिप्पणीवर सही करून होतो, आणि सहीच्या चौकशीला मंजुरी लागते. ती मंजुरी मागणारी पत्रं मंत्रालयात किती दिवस पडून आहेत, कुणी नाकारली, का नाकारली, हे दर महिन्याला भिंतीवर लावा एवढी माझी मागणी आहे. त्याला ना ली कुआन यू लागतो, ना सात कोटी पगार. एक फलक लागतो आणि खिळे.

मुख्यमंत्र्यांसाठी तर आपण याहून पक्की सोय केली. महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केलेल्या लोकायुक्त विधेयकात मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत आणलं, म्हणून केवढे सत्कार झाले, केवढे हार पडले. देशाला दिशा दाखवणारा कायदा म्हणे! बारीक अक्षरांत मात्र असं आहे, की मुख्यमंत्र्यांविरुद्धच्या चौकशीला विधानसभेच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांची मान्यता हवी. सभागृहाचे सदस्य २८८. दोन तृतीयांश म्हणजे १९२. सिंगापूरच्या संचालकाला पंतप्रधानांनी नाही म्हटलं तर त्याला एका माणसाचं दार वाजवायचं असतं. आपल्या लोकायुक्तांना १९२ दारं वाजवायची आहेत. २०२४ च्या निवडणुकीत सत्ताधारी तीन पक्षांचेच २३० आमदार निवडून आले. म्हणजे विरोधी बाकांवरच्या एकूण एक आमदाराने हात वर केला, तरी मुख्यमंत्र्यांच्या चौकशीसाठी मुख्यमंत्र्यांच्याच आघाडीतल्या निदान १३४ जणांचे हात लागतील.